चिमूटभर साबण

माझी नात दिवस भरायच्या आधीच जन्माला आली. डॉक्टरबाई समजावत होत्या, "बुडबुडा जितका लहान, तितका त्याचा मिटायचा जोर जास्त. फुफ्फुसातले बुडबुडे मिटू नयेत म्हणून आत साबणासारखं काहीतरी असतं. ते हिच्यात अजून तयारच झालेलं नाही. औषध दिलंय, बघू."

"घ्या! कारखान्यात पिंपंच्या पिंपं साबण करतो मी," लेक म्हणाला, "आणि माझ्याच पोरीला चिमूटभर नाही."

"उगी रे, देव आहे," म्हणत मी नाम घेत बसले.

बाळाला हात लावायचा तर आधी कोपरापर्यंत धुवायचे, हा तिथला नियम. लेक नळाशी उभा राहून हात चोळत होता. तेवढ्यात सिस्टर बाहेर आली आणि तिने नळ बंद केला.

 

"दादा, असेच चला आत. आता नाही धुतले तरी चालेल."