एका उखळात दोन मुसळं

"बाळ आडवं आहे! तियामिकेला आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं!" पप्पा अंगणात उभ्यानंच ओरडत होते. पप्पा मिशनचे पाळक, आई नर्स. जीप दारात उभी होती. पण मलावीतल्या आमच्या या खेड्यात सुनेला कुठं न्यायचं ते सासू ठरवते, आणि तियामिकेची सासू वर न बघता मका कांडत होती.

मी पप्पांचं बोलणं चिचेवा भाषेत फाडफाड सांगितलं. वर्गात पहिली येते मी त्यात! म्हातारी म्हणाली, "तुझ्या बापाला सांग, उभ्यानं बोलणाऱ्याशी मी बोलत नाही."

तेवढ्यात आई झोपडीतून बाहेर आली. तिनं पदर खोचला, भिंतीपाशी ठेवलेलं दुसरं मुसळ उचललं आणि त्याच उखळात कांडायला लागली. एक घाव म्हातारीचा, एक आईचा. मुसळाला मुसळ लागलं नाही, एकदासुद्धा! मी तर बघतच राहिले.

म्हातारी हसली. "कुणी शिकवलं गं?"

"सासूनं, मसाला कांडताना," आई धापा टाकत म्हणाली. "फार खाष्ट होती! पण माझ्या बाळंतपणाच्या वेळी दवाखान्यात जायला जीप तिनंच बोलावली."

हे चिचेवात सांगताना मी स्वतःकडे बोट दाखवलं. कारण त्या वेळचं ते बाळ म्हणजे मीच.

म्हातारीनं मुसळ खाली ठेवलं, कमरेला गुंडाळलेल्या कापडावरचा कोंडा झटकला आणि आईला म्हणाली, "गाडी तू चालव. पुढे मी बसणार, पाळक मागे."