धुक्यातला नावाडी

पडद्यावर नावं सरकू लागली. टाळ्या पडल्या, शिट्ट्या झाल्या, पण अबोली खुर्चीतून हलेना.

"बकवास है, आई. पूरा बकवास," ती म्हणाली. चंदीगडमध्येच वाढलेली ही पोर. राग आला की आधी तिचं मराठी पळतं. शेजारी तिची आई, शैलजाताई, पर्स मांडीवर धरून बसल्या होत्या.

इतक्या वर्षांनी हा पिक्चर पुन्हा मोठ्या पडद्यावर आला होता. उडते घोडे, बोलकी झाडं, माणसं ओढून नेणारं धुक्याचं तळं. त्या काळी सगळ्या शहरानं डोक्यावर घेतलेला. अबोलीनं मात्र तो अर्धाच पाहिला होता. तेव्हा ती शाळेत होती आणि रक्ताच्या आजारानं तिची नुसती काडी झाली होती. भर मे महिन्यात डोक्यावर लोकरीची टोपी. इंटरव्हलला बाबांनी तिला उचलून कडेवर घेतलं. "दमलीस गं तू. पुढचं मी घरी सांगतो," म्हणाले.

आणि सांगितलं. एकदा नाही, रोज. सेक्टर बावीसच्या भाड्याच्या खोलीत कूलर घरघरायचा आणि बाबा सांगायचे: तळ्यानं नेलेल्या मुलीला शोधत तिचा बाप काठावर येतो. नावाड्याला म्हणतो, हिला सोड, मला ठेव. नावाडी खूप वेळ विचार करतो, मग मान डोलावतो. मुलगी घरी येते. बाप धुक्यात राहतो.

दिवाळीपर्यंत अबोलीचे केस परत आले. संक्रांतीच्या सुमारास बाबा गेले. चांगला धडधाकट माणूस, ऑफिसात खुर्चीत बसल्या बसल्या गेला.

आपल्या बदल्यात बाबा गेले, हे तिनं कधी कुणाला बोलून दाखवलं नाही. टीव्हीवर तो पिक्चर लागला की ती चॅनल बदलायची. आज मात्र हिय्या करून आली होती. तो नावाडी एकदा पडद्यावर दिसू दे, म्हणजे ती निव्वळ पिक्चरची गोष्ट ठरेल आणि छातीवरचा दगड उतरेल, एवढीच तिची आशा होती.

आणि पाहिलं काय? नावाडी नाहीच. बाप काठावर रडतो, मुलगी तळ्यातच राहते आणि तो तिचे बूट घेऊन घरी जातो.

"बाबांचा नावाडी कुठे गेला?" अबोलीनं विचारलं.

"नव्हताच," शैलजाताई म्हणाल्या. "तुला झेपेल का ते बघायला हे आदल्या दिवशी एकटेच येऊन गेले होते. घरी आले ते जेवलेच नाहीत. तू हट्ट सोडेनास, आणि त्यांना नाही म्हणवेना, म्हणून अर्धा दाखवला."

"म्हणजे मला बरं वाटावं म्हणून खोटं सांगायचे."

"मलाही तसंच वाटायचं." शैलजाताई रिकाम्या पडद्याकडे बघत होत्या. "पण तुझा डोळा लागला तरी थांबायचे नाहीत. अंधारात तेच ते सांगत बसायचे, हिला सोड, मला ठेव. एकदा मी म्हटलं, अहो, झोपली ती. आता कुणाला सांगताय?"

"मग?"

"म्हणाले, ज्याला सांगतोय तो जागा आहे."