कॉम्प्युटर हलणार नाही

"जागा अपुरी आहे."

पडद्यावर कॉम्प्युटर हे इंग्रजीतून सांगत होता, स्वयंपाकघरातून कमलिनी मराठीतून. तिची बहीण लेकराबाळांसह नागपूरहून यायची होती आणि भिलाईच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये नरहरीच्या नव्याकोऱ्या कॉम्प्युटरनं बैठक अडवली होती.

"पाहुणे जाईपर्यंत हा डबा शेजारी शालिकरामभाऊकडे ठेवा."

नरहरी कॉम्प्युटरच्या आड उभा राहिला. "कावून? याच्यापासून शीक जरा! याची मेमरी भरली का आत्ता कामाचं नाही ते हा हार्ड डिस्कवर नेऊन ठेवते, लागलं का परत आणते. याले व्हर्च्युअल मेमरी म्हणतेत. म्हणून तर मी गेम पुसून डिस्कवर जागा करून राहिलो."

"म्हंजे, कामाचं नाही ते बाहेर?"

"बरोब्बर! समजलं तुले."

कमलिनी पदर खोचून उठली.

पाहुणे आले तेव्हा कॉम्प्युटर जागच्या जागी होता. नरहरीची छाती फुगली.



तेवढ्यात कुंपणापलीकडून शालिकराम ओरडला, "नरहरीभाऊ, तुमची गादी अन् दाढीचं सामान पोचलं आमच्याकडे! वयनी म्हणते, काम पडलं का परत बोलावू!"