हात वर

डंबेल घेऊन ठोसे मारायला लागलं की खांदे भरून येतात आणि हात आपोआप खाली येतात. त्यामुळे नव्या पोरींवर मला दिवसभर ओरडावं लागतं, "हात वर! तोंड झाका!"

आज आलेल्या काकूंना मात्र सांगावंच लागलं नाही. खांदे थरथरत होते, तरी मुठी गालाशी, हनुवटी आत, कोपरं बरगड्यांना चिकटलेली.

"हलकं डंबेल देऊ का, काकू?"

"नको."

"आधी बॉक्सिंग केलंय वाटतं?"

"छे गं!"

"मग तोंड झाकायला इतकं छान कुठे शिकलात?"

"सासरी," काकू म्हणाल्या. "ते येतं मला. तू मारायचं शिकव."