गवंड्याचे कान

परांचीवरून ‘बाजूला हो!’ अशी हाक आली, ती गवंड्याला ऐकूच गेली नाही. फळी त्याच्या खांद्याला घासून पडली. मुकादम म्हणाला, “कान दाखवून ये, मगच थापीला हात लाव.” विमा नसल्याने मोठ्या इस्पितळाने दारातूनच परत पाठवलं. शेवटी बायकोने शनिवारच्या मोफत दवाखान्यात ओढत नेलं. आपण बहिरे झालो, हातचं काम गेलं, असं तो धरूनच चालला होता. म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कानांत पिचकारीने कोमट पाणी सोडलं, तसे मळाचे करडे खडे ताटलीत पडले. “अहो, यात सिमेंट आहे! कानातही बांधकाम काढलंत का?” त्यांचं हसणं त्याला स्पष्ट ऐकू आलं. बायको नेहमीसारखी ओरडली, “ऐकलंत का?” “हळू बोल गं,” तो म्हणाला, “सगळं ऐकू येतंय.” सहा महिने घसा फोडून बोलणारी बायको त्याच्या कानाशी कुजबुजली, “मग सोमवारी थापी उचला.”