हवेचा काटा

बस थांबली ती नेमकी शिवणकामवाल्या बाईच्या फाटकासमोर. थांबली म्हणजे बसलीच. आधी खालून कुठेतरी फुस्स झालं, मग मागची चाकं अशी गच्च आवळली की आतल्या कपाटातले सगळे डबे एकदम बाहेर येऊन फरशीवर लोळले.

ही बस म्हणजे घर होतं. नवरा जन्मभर बस चालवून रिटायर झाला आणि आता निवांत काय करावं, तर त्याला बसच सुचली. राहतं घर विकून त्यानं जुनी बस घेतली. आत पलंग, ओटा, मोरी, सगळं स्वतः बसवलं. बायकोच्या कपाटाला जागा करताना ब्रेकचा हवेचा पाइप आडवा आला, तो त्यानं बाजूला सारून पायजम्याच्या नाडीनं बांधून टाकला. तात्पुरता. नाडीनं वर्षभर इमानानं नोकरी केली. आज ती तुटली, पाइप तापलेल्या सायलेन्सरवर टेकला आणि वितळला. हवा गेली की या गाडीचे ब्रेक आपोआप लागतात. पुन्हा हवा भरेपर्यंत गाडी जागची हलत नाही.

"नाडी?" बायको म्हणाली. "ब्रेकला?"

"चांगली नवीकोरी नाडी होती."

"म्हणजे त्या निळ्या पायजम्याची! आणि मी धोब्याला नाही नाही ते बोलले."

"अगं, आत्ता पायजमा काय घेऊन बसलीस? तेवढा तुकडा कापतो, मध्ये जॉइंट टाकतो, झालं. संध्याकाळी समुद्र!"

समुद्र म्हणताना त्याचा चेहरा सहलीला निघालेल्या पोरासारखा झाला. चाकांना दगड लावून तो गाडीखाली सरपटला.

तेवढ्यात फाटकातून बाई आली. गळ्यात टेप, तोंडात दोन टाचण्या. टाचण्या काढून तिनं आवाज मोकळा केला. "ओ! इथं काय बसस्टॉप आहे? माझी गिऱ्हाइकं आत उडत येणार का?"

"ब्रेक लागलेत हो ताई," बायको गाडीतून उतरत म्हणाली.

"मग सोडा की!"

"तेच चाललंय."

बाईनं वाकून पाहिलं. गाडीखालून दोन पाय बाहेर आले होते. "मेकॅनिक आहेत?"

"नवरा."

"मग वेळ लागेल," बाई म्हणाली आणि आतून खुर्ची आणि शिवणाची टोपली घेऊन आली.

बायको खुर्चीवर बसलीच नाही. फाटकाच्या पायरीवर बसली. चपला काढल्या, तळवे जमिनीवर टेकवले आणि जरा वेळ तशीच राहिली. जमीन डुगडुगत नव्हती. मग तिनं न विचारताच बाईच्या टोपलीतला एक फ्रॉक उचलला आणि त्याची दुमड घालायला लागली.

"हात चांगला आहे तुमचा," बाई म्हणाली. "गाडीत काय करता दिवसभर?"

"डबे गोळा करते."

बाई खळखळून हसली. बायकोही हसली, आणि आपण हसलो याचंच तिला नवल वाटलं.

"शेजारी कोण राहतं?" तिनं विचारलं.

"कोणी नाही. होते एक, एक नंबरचे भांडखोर. गेले सोडून. आता इतकं शांत असतं की मशीन थांबवायची भीती वाटते."

"मलाही भांडता येतं हो."

"दिसत तर नाही."

"सवय गेलीय. भांडण रंगात यायच्या आत आमचं गाव बदलतं."

गाडीखाली नवरा पाइप कापत होता. त्याला तिथून फक्त पायरीचा खालचा भाग दिसत होता: एक मशीनची सवय असलेलं पाऊल, सारखं आपोआप हलणारं, आणि शेजारी बायकोची दोन अनवाणी पावलं, अगदी निवांत. बस घेतल्यापासून ती झोपतानासुद्धा चपला पायाशी ठेवायची. पितळी जॉइंट फरशीवर लोळलेल्या बटणांच्या डब्यात सापडला होता. तो त्यानं बसवला, नट आवळले आणि पाइप तारेनं सायलेन्सरपासून लांब बांधला. नाडीची आठवण झाली तेव्हा त्यानं तारेला आणखी एक पीळ दिला.

"अगं! इंजिन चालू कर. हवा भरली की बंद कर आणि काट्यावर लक्ष ठेव. काटा उतरला तर जॉइंट गळतोय असं समजायचं."

बायकोनं फ्रॉक खाली ठेवला. चपला घातल्या. गाडीत जाऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसली, इंजिन चालू केलं. काटा चढत गेला, वर जाऊन टेकला. तिनं इंजिन बंद केलं. काचेतून तिला शेजारचं रिकामं घर दिसत होतं: खिडकीचं एक दार उघडं, अंगणात कुणाची तरी राहून गेलेली बादली.

काटा ढिम्म हलत नव्हता.

"उतरतोय का?" खालून आवाज आला.

तिनं पुन्हा एकदा त्या बादलीकडे पाहिलं.

"अगं, उतरतोय का?"

"उतरतोय," ती म्हणाली. मग जरा मोठ्यानं, "हो, उतरतोय."

नवऱ्यानं जॉइंटवर साबणाचा फेस लावला. एकही बुडबुडा आला नाही. कान लावला. आवाज नव्हता. जन्मभर त्यानं हवेचे पाइप ऐकले होते. इतका चोख बसलेला जॉइंट त्याच्या हातून कधी झाला नव्हता.

थोडा वेळ तो उताणा पडून राहिला. पुढच्या दोन चाकांच्या मधून रस्ता दिसत होता, मोकळा, सरळ, लांबवर उतरत गेलेला.

मग त्यानं पाना उचलला आणि आवळलेला नट एक आटा सैल केला. फेस भसाभसा फुगला.

"खरंच की गं," तो ओरडला. "मोठं काम दिसतंय. चार-आठ दिवस तरी काही हलत नाही आपण."