मागची चटई

प्रभुभोजनाची भाकर वाटायला पुंडलिक उठला, तोच मागच्या चटईवरून गिरजाबाईनं त्याला हळूच खूण केली. पेणमधल्या त्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात मागची चटई म्हणजे भाकर न मिळणाऱ्यांची जागा. गिरजाबाई जोहे गावच्या मूर्तींच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करते. ज्याचे हात मूर्तीला लागतात त्याला प्रभूची भाकर नाही, हा नियम पुंडलिकानंच मंडळीच्या गळी उतरवला होता. पास्टर नको नको म्हणत होते तरी.

"काय गो?" तो त्रासून वाकला.

"तुझ्या कानामागं सोनेरी पावडर हाय, दादा," ती पुटपुटली, आणि कुणी बघायच्या आत पदरानं पुसूनही टाकली.

पुंडलिकाचा हात आपसूक कानामागं गेला. आज पहाटेच त्यानं आपल्या टेंपोतून जोह्याच्या मूर्ती कोलाडला पोचवल्या होत्या, एकेक करून स्वतःच्या हातांनी उतरवल्या होत्या. सगळा हंगाम हेच चाललं होतं. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, दुसरं काय.

पुढं बसलेल्या वैशालीनं मागं वळून पाहिलं. गिरजाबाईचा पदर चमकत होता.

"मावशी, आज रविवारी पण मूर्तींना हात लावून आलीस? प्रार्थनेला येताना तरी जरा लाज धरायची."

"व्हय गो, चुकलं माझं," गिरजाबाई म्हणाली. पुंडलिकाकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही.

बोलायची वेळ हीच होती. पण मुकाट्यानं ताट घेऊन तो वाटायला लागला. माणसं तुकडा घेत होती, आमेन म्हणत होती, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. वाटता वाटता तो मागच्या चटईपाशी आला, आणि नेहमीसारखा तिथूनच परतला.

"पुंडलिक, तुझा तुकडा राहिला," पास्टर म्हणाले. "घे."

त्यानं ताट त्यांच्या हातात दिलं.

"मला चालत नाय, पास्टर. कोलाडला मूर्ती मी पोचवतो. तिच्या पदराला हाय ना, ती पावडर माझी."

 खाली मान घालून तो मागं आला आणि उभाच राहिला. कुठं बसावं ते त्याला कळेना.

गिरजाबाई थोडी सरकली आणि चटईवर त्याला जागा करून दिली.